सुरक्षित बाळंतपणाची भिस्त परिचारिकेवर

बारामती म्हटले की ऊस, साखर कारखाने आणि नीरा डाव्या कालव्याचे पाणी डोळ्यांसमोर येते. तालुक्याच्या पश्चिमेकडील जिरायत पट्टा या चित्रात सहसा दिसत नाही. मल्लिकार्जुनाच्या प्राचीन मंदिरासाठी ओळखले जाणारे लोणी भापकर याच पट्ट्यातले. गावात जिल्हा परिषदेचे प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. बारामती शहरात उपजिल्हा रुग्णालय, महिला रुग्णालय आणि २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही उभे राहिले आहे. तरीही वाडीवस्तीवरील गरोदर महिलेची आरोग्य यंत्रणेशी पहिली गाठ पडते ती उपकेंद्रातील आरोग्यसेविकेशी आणि केंद्रात दाखल झाल्यावर प्रसूतीगृहातील परिचारिकेशी. माता व बाल आरोग्याचे यशापयश बहुतांशी या दोघींच्या हाती असताना धोरण आखताना त्यांच्या कौशल्याचा विचार सर्वांत शेवटी होतो, हा यातील खरा विरोधाभास आहे.

महाराष्ट्राने या क्षेत्रात मोठा पल्ला गाठला आहे, हे आकडेवारीच सांगते. राज्यात २००१-०३ या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ मातांचा मृत्यू होत असे. २०१८-२० मध्ये हे प्रमाण ३३ वर आले. त्याच काळात देशाची सरासरी ३०१ वरून ९७ पर्यंत घटली. राज्यातील संस्थात्मक प्रसूतींचे प्रमाण २००५-०६ मध्ये सुमारे ६५ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत ते सुमारे ९५ टक्क्यांवर पोहोचले. एप्रिल २००५ मध्ये सुरू झालेले राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, जननी सुरक्षा योजना, २०११ ची जननी शिशु सुरक्षा योजना आणि २०१४ पासून धावू लागलेली १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यांचा या यशात वाटा आहे. बाळंतपण घरातून दवाखान्यात आणण्याची लढाई महाराष्ट्राने जवळपास जिंकली आहे. आता प्रश्न उरतो तो दवाखान्यात पोहोचलेल्या महिलेला कोणत्या दर्जाची सेवा मिळते याचा.

या प्रश्नाचे उत्तर शोधताना परिचारिकेचे काम नीट समजून घ्यावे लागते. मैदानी भागात साधारण पाच हजार लोकसंख्येमागे एक उपकेंद्र आणि तीस हजारांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, असा निकष आहे. उपकेंद्रातील आरोग्यसेविकेने गरोदर महिलेची पहिल्या तीन महिन्यांतच नोंद करायची, वजन व रक्तदाब पाहायचा, हिमोग्लोबिन आणि लघवी तपासायची, धनुर्वाताची लस टोचायची, लोह व कॅल्शियमच्या गोळ्या द्यायच्या आणि जोखमीची लक्षणे दिसताच तिला वरच्या रुग्णालयात पाठवायचे. राज्यातील जवळपास ४६ टक्के गरोदर महिलांमध्ये रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या पाहणीत आढळले. त्यामुळे गोळ्यांची पाकिटे हातात देऊन काम संपत नाही. त्या गोळ्या पोटात जातात की फडताळात पडून राहतात, हे घरोघरी जाऊन पाहणारी व्यक्ती लागते.

प्रसूतीच्या वेळी तर मिनिटामिनिटाला महत्त्व असते. अतिरक्तस्राव हे भारतातील मातामृत्यूंचे प्रमुख कारण आहे. बाळ जन्मल्यानंतर मिनिटभरात मातेला ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देणे, वार पूर्ण पडली की नाही हे पाहणे, गर्भाशय आकसते आहे ना याची हाताने खात्री करणे ही कामे बव्हंशी परिचारिकाच करते. बाळ रडले नाही तर पहिल्याच मिनिटात पिशवी आणि मास्कच्या साह्याने त्याचा श्वास सुरू करावा लागतो. डॉक्टर निवासस्थानातून येईपर्यंत ही वेळ थांबत नाही. पहिल्या तासात स्तनपान, बाळाला ऊब, जन्मतःच द्यायच्या लशी आणि पुढचे ४८ तास देखरेख ही जबाबदारीही तिचीच. केंद्रात वैद्यकीय अधिकारी असतो. पण रात्री दोन वाजता कळा मोजत खाटेशेजारी उभी असते ती परिचारिका.

असे असूनही तिच्या कौशल्याची जपणूक झालेली नाही. स्वातंत्र्योत्तर काळात सहाय्यक परिचारिका प्रसाविका हे पद निर्माण झाले, तेव्हा प्रसूती हाच तिच्या कामाचा गाभा होता. १९७३ च्या करतारसिंग समितीने बहुउद्देशीय कर्मचाऱ्यांची कल्पना मांडली. पुढे १९७७ मध्ये तिचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम दीड वर्षावर आला. कुटुंबकल्याणाची उद्दिष्टे, लसीकरण आणि साथरोगांची सर्वेक्षणे यांनी तिचा दिवस व्यापला. प्रसाविका हा शब्द पदनामात राहिला आणि व्यवहारात मागे पडला. अभ्यासक्रम कालांतराने पुन्हा दोन वर्षांचा झाला, कुशल प्रसूतीसाठी २१ दिवसांचे प्रशिक्षणही सुरू झाले. मात्र जिथे महिन्याकाठी मोजक्याच प्रसूती होतात, तिथे प्रशिक्षणात शिकलेला हात सरावाअभावी बोथट होतो. मग थोडी शंका आली तरी महिलेला पुढे पाठवले जाते. गावात विश्वास उरत नाही, केंद्रातील प्रसूती आणखी घटतात आणि हात आणखी अवघडतो. हे दुष्टचक्र आहे.

त्याची किंमत कुटुंबे मोजतात. राज्यात शस्त्रक्रियेद्वारे होणाऱ्या प्रसूतींचे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे २० टक्के होते, ते २०१९-२१ मध्ये २५ टक्क्यांवर गेले. खासगी रुग्णालयांत ते सरकारी रुग्णालयांपेक्षा अधिक आहे. यातील अनेक शस्त्रक्रिया प्राण वाचवणाऱ्या असतात, यात शंका नाही. परंतु जी प्रसूती गावाजवळच्या केंद्रात, नैसर्गिकरीत्या आणि विनामूल्य होऊ शकते, ती शहरात हलली तर प्रवास, मजुरीची बुडती आणि औषधांचा खर्च जिरायतदार कुटुंबाच्या माथी पडतो.

बारामती तालुक्याला आणखी एक पैलू आहे. सोमेश्वर आणि माळेगाव या कारखान्यांच्या गळीत हंगामात मराठवाड्यातून आणि इतर दुष्काळी भागांतून ऊसतोड कुटुंबे येतात. कोयत्यावर पती-पत्नी दोघांची उचल असते. एका दिवसाचा खाडाही परवडत नाही. गरोदर मजूर महिलेची नोंद तिच्या गावी, मुक्काम फडावर आणि प्रसूतीची तारीख हंगामाच्या मध्यावर, अशी स्थिती असते. माता व बाल संरक्षण कार्ड गावीच राहिले, तर तिचा रक्तगट, पूर्वीची शस्त्रक्रिया, रक्तदाबाचा त्रास यातले काहीच इथल्या परिचारिकेला ठाऊक नसते. फडावर जाऊन या महिलांची यादी करणे हे कागदोपत्री कोणाचेही काम असो, प्रत्यक्षात ते आरोग्यसेविका आणि आशा कार्यकर्तीच करतात.

दुसरीकडे यातील अनेक पदे कंत्राटी आहेत. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांनी सेवेत कायम करण्याच्या मागणीसाठी २०२३ मध्ये महिन्याहून अधिक काळ संप केला. दहा वर्षांहून अधिक सेवा झालेल्यांना सामावून घेण्याचा निर्णय मार्च २०२४ मध्ये शासनाने घेतला, तरी अंमलबजावणीसाठी ऑगस्ट २०२५ मध्ये पुन्हा संपाची वेळ आली. पुढच्या वर्षी नोकरी राहील की नाही याची खात्री नसलेल्या व्यक्तीने एका गावात पाय रोवून दहा वर्षांचा विश्वास कमवावा, ही अपेक्षा अवाजवी आहे.

योग्य प्रशिक्षण, सततचा पाठिंबा आणि अधिकार मिळाले तर काय घडते, याची उदाहरणे दूर शोधायला नकोत. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून गावातल्या स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडवले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत घरोघरी नवजात बालकांची काळजी घेणाऱ्या स्त्रिया तयार केल्या. तेथे नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचा निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे हीच पद्धत देशाच्या धोरणात आली. श्रीलंकेनेही गावपातळीवरील प्रशिक्षित प्रसाविकांच्या बळावर अनेक दशकांपूर्वीच मातामृत्यू आटोक्यात आणले.

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये प्रसाविका सेवांचा स्वतंत्र उपक्रम जाहीर केला. १९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा झाला. दिशा योग्य आहे. तिचा लाभ लोणी भापकरसारख्या केंद्रापर्यंत पोहोचायचा असेल, तर काही साध्या गोष्टी कराव्या लागतील. आरोग्य केंद्रांतील परिचारिकांना दरवर्षी काही आठवडे बारामतीच्या महिला रुग्णालयाच्या प्रसूतीगृहात आळीपाळीने काम देता येईल. त्यातून सराव टिकेल. नोंदवह्या आणि ऑनलाइन माहिती भरण्याचे काम स्वतंत्र कर्मचाऱ्याकडे सोपवता येईल. हंगामाच्या आरंभीच कारखान्यांकडून गरोदर मजूर महिलांची यादी घेऊन आरोग्य केंद्राला देता येईल. महिलेला पुढे पाठवण्यापूर्वी परिचारिकेला तज्ज्ञ डॉक्टरांशी थेट बोलता यावे, अशी दूरध्वनीची व्यवस्था चोवीस तास ठेवता येईल. यातील कशासाठीही नवी इमारत लागत नाही.

आरोग्यावरील खर्चाची चर्चा नेहमी खाटा, यंत्रे आणि इमारती यांच्या संख्येत होते. मातामृत्यूचा दर आणखी खाली आणायचा, तर आता हिशेब परिचारिकेच्या हातातील कौशल्याचा, तिला मिळणाऱ्या वेळेचा आणि तिच्या नोकरीच्या स्थैर्याचा मांडावा लागेल.