गुरुजींना आधी आपली बोली शिकवा

विसरवाडीच्या आणि आसपासच्या पाड्यांवरच्या आईबापांनो, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांनो, आणि डी.एड. करून घरी बसलेल्या पोरापोरींनो, हे तुमच्यासाठी लिहिते आहे. मी घाटापलीकडची, साक्रीकडची. माझ्या माहेरी अहिराणी बोलतात. नोकरी लागली तेव्हा कोंडाईबारीचा घाट उतरून इकडे आले आणि निवृत्त होईपर्यंत नवापूर तालुक्यातच शिकवलं. ते शिकवताना जे फार उशिरा समजलं, तेच सांगायचं आहे.

आपल्या मुलांची मराठी ही पहिली भाषा नाही, दुसरी आहे. पाठ्यपुस्तकावर काहीही छापलेलं असो. घरात मावची चालते, कुठे गावित, कुठे कोकणी, कुठे भिलीचा आणखी एखादा प्रकार. सहा वर्षांच्या मुलाने मराठी ऐकलेली असते ती एसटी स्टँडवर, दवाखान्यात आणि मोबाइलवर. ते मूल पहिलीत येऊन बसतं आणि समोरचे गुरुजी असं धरून चालतात, की याला मराठी बोलता येतेच, आता फक्त लिहा-वाचायला शिकवायचं. मी स्वतः तसंच धरून चालले होते. माझ्या डी.एड.च्या दोन वर्षांत ‘मराठी कशी शिकवावी’ यावर पुष्कळ ऐकलं. पण ज्या मुलाला मराठी येतच नाही त्याला ती कशी शिकवावी, यावर एक तासही झाला नाही.

पहिल्याच वर्षी वर्गात एक मुलगी होती. दिवाळीपर्यंत तोंडातून शब्द नाही. “वही काढ” म्हटलं की माझ्या हाताकडे बघत बसायची. मी नोंदवहीत लिहून टाकलं, ‘आकलन कमी.’ मग एका दुपारी ती शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईपाशी बसलेली दिसली आणि सलग बोलत होती. हातवारे करत, मध्येच हसत, आवाज बदलून. मी ताईला विचारलं, काय सांगते आहे? ताई म्हणाली, काल रानात बापासोबत गेली होती, मोहाच्या झाडाखाली काय काय दिसलं ते क्रमाने सांगते आहे, आणि बापाची चूक कुठे झाली तेही सांगते आहे. आकलन कमी माझं होतं. त्या दिवसापासून रोज सुट्टीत मी त्या ताईकडून पाच शब्द शिकू लागले. माझ्या नोकरीतलं सगळ्यात उपयोगी प्रशिक्षण मला चुलीजवळ मिळालं, आणि त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही.

आता काही जण म्हणतील, मुलं लहान असतात, नुसती मराठी कानावर पडत राहिली की शिकतातच. अर्धं खरं आहे. कॅनडात मॉन्ट्रियलजवळ सेंट लॅम्बर्ट नावाचं गाव आहे. तिथल्या इंग्रजी बोलणाऱ्या आईबापांनी 1965 साली आग्रह धरून असा वर्ग सुरू करायला लावला, की मुलांना बालवर्गापासून सगळं फ्रेंचमधूनच शिकवायचं. मुलं फ्रेंच चांगली शिकली आणि त्यांचं इंग्रजीही बुडालं नाही. जगभर त्याचे दाखले देतात. पण तिथे वर्गातली सगळी मुलं एकाच पायरीवर होती. शिक्षिकेला मुलांचं इंग्रजी समजत होतं, त्यामुळे सुरुवातीला मूल इंग्रजीत बोललं तरी चालायचं, उत्तर फ्रेंचमध्ये मिळायचं. पुढे इंग्रजी वाचन-लेखनही शाळेतच शिकवलं गेलं. आणि मुलाच्या घरच्या भाषेला कुणी हलकी म्हणत नव्हतं. आपल्या मुलाला यातलं काय मिळतं? त्याचं बोलणं गुरुजींना कळत नाही, आणि कळलं नाही की गप्प बसवलं जातं. त्या मुलांना पोहायला शिकवलं होतं, आपल्याला विहिरीत ढकलतात. तरीही कॅनडाला आजवर फ्रेंच शिकवणारे शिक्षक पुरत नाहीत. दुसरी भाषा शिकवणं हे वेगळं कसब आहे आणि ते असलेली माणसं कुठेच मुबलक नसतात.

एक गोष्ट पालकांनी विशेष ध्यानात घ्यावी. तुमचं पोरगं तिसरीत गेलं, आठवडे बाजारात दुकानदाराशी फटाफट मराठी बोलू लागलं, की तुम्हाला वाटतं झालं काम. टोरांटोचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी 1979 पासून हे मांडलं आहे, की नव्या भाषेत रोजचं बोलणं दोनेक वर्षांत येतं, पण त्या भाषेत अभ्यास करण्याइतकी पकड यायला पाच ते सात वर्षं लागतात. मी हे वर्गात पाहिलं आहे. गणित असं होतं: रामजवळ 12 आंबे होते, त्याने 5 मित्रांना प्रत्येकी 2 आंबे दिले, किती उरले? मुलाने लिहिलं 7. सगळ्यांनी म्हटलं गणित कच्चं. त्याला मी 12 चिंचोके दिले आणि पाच पोरांना दोन-दोन वाटायला लावले. क्षणात म्हणाला, दोन. गणित पक्कं होतं, त्याला ‘प्रत्येकी’ हा शब्द माहीत नव्हता. असे शब्द बाजारात कानावर पडत नाहीत. ‘पेक्षा’, ‘म्हणून’, ‘तरीही’, ‘दरम्यान’ हे कुणीतरी मुद्दाम शिकवावे लागतात, आणि ते शिकवायचे असतात हे आधी शिक्षकाला माहीत असावं लागतं.

म्हणून नव्या शिक्षकांना माझं सांगणं आहे. पहिले काही महिने मुलाला मराठीत बोलायला लावू नका, त्याला मराठी ऐकू द्या. वस्तू हातात घेऊन, करून दाखवून बोला. त्याने मावचीत उत्तर दिलं तर ते बरोबर धरा आणि तेच मराठीत म्हणून दाखवा. ‘तो वही’ म्हणाला तर वाक्य अर्ध्यावर तोडू नका. तो, ती, ते यांचा गुंता सुटायला वेळ लागतो. वाचनाची सुरुवात त्याच्या तोंडच्या शब्दांनी करा. मावची देवनागरीत लिहिता येते. आपलं बोलणं फळ्यावर उमटलेलं पाहताना मुलाचा चेहरा कसा होतो ते एकदा बघा. पुस्तकातल्या धड्यात समुद्र असेल तर असू दे, पण आधी तूर येऊ द्या. नवापूरच्या तूरडाळीला भौगोलिक मानांकन आहे. ती पेरणाऱ्या घरातलं मूल तुरीबद्दल दहा वाक्यं सांगू शकतं. ती दहा वाक्यं म्हणजे तुमचा पहिला धडा.

यातलं काहीच नवं नाही. ताराबाई मोडकांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आणि वारली मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळाच कुरणावर नेली. त्यांच्यासोबत आलेल्या अनुताई वाघ 1992 मध्ये वारल्या, तोवर तिथेच राहिल्या. आपल्याच जिल्ह्यात, सातपुड्यात नर्मदेच्या काठी, जीवनशाळांनी गावातल्याच तरुणांना शिक्षक केलं आणि मुलांच्या बोलीतून मराठीकडे नेलं. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन जन्माने अमेरिकन. मराठी त्या मोठेपणी शिकल्या, अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी मराठीची पुस्तकं तयार केली आणि मग फलटणच्या मुलांना वाचायला शिकवण्यात आयुष्य घातलं. स्वतः दुसरी भाषा शिकलेल्या माणसाला, मूल कुठे अडखळतं ते कळतं. नेमणूक मिळाल्यावर गावात येऊन महिनाभर तिथली बोली शिकणारा शिक्षक म्हणूनच लाखमोलाचा.

पण असा शिक्षक येणार कुठून? भरती आता पवित्र पोर्टलवरून होते. आधी टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग गुणानुक्रम. या कुठल्याही पायरीवर कुणी विचारत नाही, की ज्या गावात जाणार तिथली बोली येते का. लागलेल्या शिक्षकाला पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावी लागतात. प्राथमिकला ते बरीच वर्षं दरमहा 6,000 होतं, 2023 पासून 16,000 झालं. त्यात लातूर-सोलापूरकडचा पोरगा इथे खोली करून राहणार, घरी पैसे पाठवणार आणि वर बोलीही शिकणार, अशी अपेक्षा आपण करतो.

अनुसूचित क्षेत्रातली शिक्षकासारखी पदं स्थानिक आदिवासी उमेदवारांतून भरावीत अशी अधिसूचना राज्यपालांनी 2014 मध्ये काढली. मग 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेशच्या प्रकरणात अनुसूचित क्षेत्रातल्या शिक्षकपदांचं शंभर टक्के आरक्षण घटनाबाह्य ठरवलं, आणि आपल्याकडच्या पेसा भरतीवरही त्याचं सावट आलं. कोर्टाचं कोर्ट बघेल. माझी मागणी साधी आहे आणि ती कुठल्याही निकालाच्या आड येत नाही: जातीचा दाखला कुठलाही असो, पहिली-दुसरीच्या वर्गावर जाणाऱ्याला त्या गावची बोली आली पाहिजे, नसेल तर सहा महिन्यांत शिकवली पाहिजे, आणि शिकल्याबद्दल त्याच्या पदरात काहीतरी पडलं पाहिजे. ग्रामसभेने असा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि नंदुरबारच्या जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे पाठवावा. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 29 सांगतं, की शक्य तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरतं. कागद आपल्या बाजूचा आहे, तो वापरायला हवा.

आणि तुम्ही, घरी बसलेल्या पोरापोरींनो. तुमच्याकडे जे आहे ते पुण्याच्या कुठल्या क्लासमध्ये मिळत नाही. तुम्ही स्वतः ती उडी मारलेली आहे, मावचीतून मराठीत, आणि तरून आलात. परीक्षा देत राहा. पण तोवर रोज एक तास पहिलीच्या वर्गात जाऊन बसा. गुरुजींना अर्थ सांगा, मुलांना गोष्टी सांगा, त्या लिहून ठेवा. पेसा गावांना जो अबंध निधी मिळतो त्यात शिक्षणावर खर्च करायची सोय आहे. त्यातून गावच्या शब्दांची छोटी पुस्तिका छापता येईल, जी पुढच्या प्रत्येक नव्या गुरुजींच्या हातात ठेवायची. मला हे सगळ्यात जास्त मनापासून वाटतं. मी शिकलेले शब्द माझ्या वहीत होते, मी गेले आणि वहीही गेली. माझ्या जागी आलेल्या बाईंना पुन्हा पहिल्या शब्दापासून सुरुवात करावी लागली.

आलेला शिक्षक टिकत नाही हे तर सगळ्यांनाच दिसतं. शाळा अवघड क्षेत्रात असेल तर तीन वर्षं मोजून बदली मागितली जाते. लांबचा असेल तर आंतरजिल्हा बदलीचा अर्ज पहिल्या दिवसापासून खिशात असतो. त्यांना दोष देऊ नका. माझ्या ओळखीची एक तरुण बाई दोन वर्षांत मावची छान बोलू लागली होती. ती गेली, कारण गावात तिला राहायला दाराला आतून कडी असलेली खोली मिळाली नाही. दुसरे एक गुरुजी नवापूरहून अपडाऊन करत. गावाने त्यांच्याशी भांडण काढलं ते मुख्यालयी राहतात या ठरावाच्या कागदावरून. वर्गात ते कसं शिकवतात, हे बघायला मात्र कुणी गेलं नाही. खोटा ठराव करून देऊ नका, हे खरंच. पण आधी खोली दाखवा, मग ठरावाचं बोला. आणि शिक्षकाला शाळेबाहेरच्या कामाला कुणी जुंपत असेल तर समितीने विचारावं. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती सोडून इतर कामं शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 ने बंद केली आहेत. शाळा समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असा नियम आहे. या बायांनी महिन्यातून एकदा वर्गात बसावं. मराठी कळत नसेल तर फारच उत्तम, कारण मुलाला काय कळत नाही ते त्यांनाच आधी कळेल.

दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्यांना एक विनंती. नवापूरचं रेल्वे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आहे, अर्धं गुजरातेत, आणि आपल्या पोरांचं वर्षही तसंच दोन तुकड्यांत जातं. परत येतात तेव्हा शिकलेली मराठी विसरून थोडी गुजराती उचलून आलेली असतात. जमेल तर मूल आजीपाशी ठेवा. न्यायचंच असेल तर जाण्याआधी गुरुजींना भेटा आणि परत आल्यावर पहिल्या दिवशीच घेऊन या. त्याला मागच्या बाकावर बसवू नका, पुन्हा ऐकण्यापासून सुरुवात करा, असं गुरुजींना सांगा.

मला हमखास विचारतात, “बाई, मावची शिकून पोराला नोकरी लागणार आहे का?” मी त्या मुलीचं सांगते. दुसरीच्या अखेरीस ती मोहाच्या झाडाखालची ती गोष्ट मराठीत सांगू लागली होती. आधी मावचीत सांगायची, मग मराठीत. मधले शब्द मीच तिला पुरवले होते, आणि मला ते खिचडीवाल्या ताईने.

जूनच्या मध्याला शाळा उघडेल. कदाचित नवे गुरुजी किंवा नव्या बाई एसटीतून उतरतील, हातात बॅग, कुणाची ओळख नाही. त्या दिवशी त्यांना कुणीतरी घरी जेवायला न्या. जेवताना ताटातल्या भाकरीला, भाजीला, मिठाला, पाण्याला आपण काय म्हणतो ते सांगा, आणि त्यांच्याकडून म्हणून घ्या. चुकले तर हसू नका, पुन्हा सांगा.