रंगाआधीचं काम

गाडीवर पहिला ओरखडा येतो तो बहुधा बंपरवरच. सोसायटीचा खांब, सिग्नलला मागून टेकलेली रिक्षा, रिव्हर्स घेताना चुकलेला अंदाज. मार खायचा तो बंपरनेच, त्याचं कामच ते. पण त्याचा रंग पापुद्र्यांनी सुटू लागला की ठणठणीत गाडीही म्हातारी दिसायला लागते. अशा वेळी बहुतेकांना दोनच वाटा सुचतात, विम्याचा दावा नाहीतर गॅरेज. तिसरी वाट म्हणजे आपल्या हातांनी बंपर घासून पुन्हा रंगवणं. ज्याच्याकडे सवड आणि चिकाटी आहे, त्याला ते जमतं, असं माझं अनुभवाअंती ठाम मत आहे.

आधी पैशांचं बोलू. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठी पहिले १००० रुपये आपल्या खिशातून जातात, ते वेगळेच. शिवाय एक दावा केला की वर्षानुवर्षं जमवलेला नो क्लेम बोनस, जो ५० टक्क्यांपर्यंत चढतो, हातचा जातो. ओरखड्यासाठी हा सौदा परवडत नाही. गॅरेजवाला पॅनेलमागे जे पैसे घेतो त्यातला मोठा भाग असतो घासण्या-भरण्याच्या वेळेचा. तो वेळ आपण देऊ शकतो.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणाऱ्या प्रीमियर पद्मिनीचा बंपर लोखंडी होता, वर क्रोम चढवलेला. आजचा बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचा असतो, लवचीकपणासाठी त्यात रबर मिसळलेलं. काढून उलटा केलात तर आतल्या बाजूला ‘पीपी’, ‘ईपीडीएम’ अशी अक्षरं उठवलेली दिसतील. या प्लास्टिकवर सहजासहजी काहीच चिकटत नाही, आणि घरी किंवा घाईत केलेली बरीच कामं बिघडतात ती नेमकी इथे. पत्र्यावर चालणारी पद्धत प्लास्टिकवर चालत नाही.

जुना रंग सगळाच काढायचा का, हे आधी ठरवा. रंगावर ब्लेडने दोन-तीन आडव्या-उभ्या रेघा मारा, वर चांगली चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. रंग पट्टीबरोबर निघून आला तर त्याची पकड गेलेली आहे, तिथला सगळा काढावा लागेल. नाही निघाला तर त्याला हलवू नका. तोच नव्या रंगाचा भक्कम पाया आहे. खराब भागाच्या कडा तेवढ्या घासून इतक्या उतरत्या करा, की बोट फिरवलं तर पायरी लागू नये.

पत्र्याचा रंग काढायचं रसायन इथे वापरू नका. प्लास्टिक ते शोषून घेतं, फुगतं, आणि आत मुरलेलं रसायन पुढे नव्या रंगाखालून वर येतं. नुसतं थिनर ओतून चोळणंही तितकंच घातक. हीट गनने बंपरचा आकार जातो, तो परत येत नाही. सुटलेले पापुद्रे प्लास्टिकच्या पट्टीने उचलायचे आणि उरलेलं काम वॉटर पेपरने, पाणी घेत घेत करायचं. २४०ने सुरुवात, मग ४००, शेवटी ६००. उघड्या प्लास्टिकवर जाड पेपर जोरात चालवला तर बारीक तंतू उभे राहतात आणि रंगाखाली लव दिसते. तिथे बारीक पेपर आणि हलका हात.

घासण्याच्या आधी आणि नंतर भांड्यांच्या साबणाने बंपर धुवा. वाळला की आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, एका हातात ओलं फडकं, दुसऱ्यात कोरडं. टायर-डॅशबोर्डच्या पॉलिशमधलं सिलिकॉन कुठे राहिलं असेल तर रंग त्या जागी आक्रसतो आणि गोल खड्डे पडतात. पेंटर त्यांना ‘फिश आय’ म्हणतात. ते आले की पुन्हा घासण्यावाचून गत्यंतर नसतं.

आता प्लास्टिकसाठीचं अ‍ॅडहेजन प्रमोटर, म्हणजे रंगाला प्लास्टिकवर पकड देणारा थर. उघड्या प्लास्टिकवर त्याचा पातळ हात बसला नाही तर पुढचे सगळे हात वाया. डब्यावर दिलेल्या वेळेतच त्यावर प्रायमर मारा. प्रायमर सुकला की काळ्या रंगाचा अगदी विरळ फवारा उडवा आणि ६००च्या पेपरने घासा. काळं जिथे राहील तिथे खळगा, आणि प्लास्टिक लवकर उघडं पडेल तिथे उंचवटा. डोळ्यांना जे दिसत नाही, ते हा फवारा दाखवतो.

रंगाचा कोड दाराच्या चौकटीवर किंवा बॉनेटखालच्या पट्टीवर मिळतो. तरी आधी पुठ्ठ्यावर मारून, सुकवून, उन्हात गाडीशेजारी धरून पाहा. चंदेरी रंग सगळ्यात अवघड. त्यातले अ‍ॅल्युमिनियमचे कण फवाऱ्याच्या अंतराप्रमाणे वेगवेगळे बसतात आणि छटा बदलते. कारखान्यातही बंपर बहुधा वेगळा, पत्र्यापेक्षा कमी तापमानाला रंगवला जातो. म्हणून नव्या गाड्यांतही बंपर आणि बॉडीच्या रंगात कधी कधी बारीक फरक दिसतो. स्प्रेचा डबा २०-२५ सेंटिमीटरवर धरा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढू द्या, हात पातळ ठेवा. जाड हाताला ओघळ येतात.

ऋतूचंही पाहायला हवं. पावसाळ्यात पुण्यातही हे काम नको, कोकणात तर नकोच. दमट हवेत क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा पारदर्शक थर, पांढुरका पडतो. मे महिन्याच्या उन्हात रंगाचे थेंब वाटेतच सुकतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतली सकाळ, दव वाळल्यावरची आणि वारा सुटण्याआधीची, सर्वांत चांगली.

आणि जिवाचं सांगतो. कापडी मास्क किंवा एन ९५ रंगाची वाफ अडवत नाही, त्यासाठी ऑरगॅनिक व्हेपर काडतुसाचा मास्क लागतो. काम मोकळ्या हवेत करा, जवळपास ज्योत किंवा ठिणगी नको. हार्डनर मिसळायच्या क्लिअर कोटमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने कायमचा दमा जडू शकतो. तो प्रकार बाहेरून हवा पुरवणारा मास्क असलेल्या पेंट बूथवर सोडा. गाडीच्या बंपरमागे रडार असेल तर त्याच्यासमोर पुट्टी आणि रंगाचे जाड थर चढवू नका, सेन्सरची नजर बिघडते. तिथे कंपनीच्या सूचनाच पाळायच्या.

या सगळ्यात प्रत्यक्ष रंग मारायला लागते जेमतेम सकाळ. त्याआधीचं घासणं, धुणं, पुसणं दिवस खातं, आणि रंग वर्षभर टिकणार की महिन्यात सुटणार हे तिथेच ठरतं. म्हणून घाई असेल तर हे काम हातीच घेऊ नका. घाई नसेल तर भंगारवाल्याकडून एखादा तुटका बंपर आणा, त्यावर पहिल्या हातापासून शेवटच्या हातापर्यंत सगळं करून पाहा, आणि तिथे हात बसला की मगच आपल्या गाडीचा बंपर उतरवा.