फोटो काढा, पॉइंट मिळवा: गेममधला कॅमेरा आपल्याला नेमकं काय शिकवतो?

३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी एका वाघिणीची आणि तिच्या पाच बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. व्हिडिओ व्हायरल झाला, गाईड आणि चालकांवर कारवाई झाली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. पुढे नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या कोअर क्षेत्रातल्या पर्यटन विभागात मोबाईल वापरू देऊ नये, असे निर्देश दिले.

या गर्दीचं खापर गेमवर फोडण्यात अर्थ नाही. पण ‘जवळ जा, समोरून घे, फ्रेम भरून टाक’ ही चांगल्या फोटोची व्याख्या गेम्सनी गेली पंचवीस वर्षं नियमांत बसवली आहे आणि त्यावर पॉइंटही वाटले आहेत. म्हणूनच बघूया, गेममध्ये प्राण्याच्या फोटोला गुण नेमके कशाचे मिळतात?

सुरुवात पोकेमॉन स्नॅपपासून

१९९९ साली निन्टेंडो ६४ वर ‘पोकेमॉन स्नॅप’ आला. यात पोकेमॉन पकडायचे नाहीत, लढवायचे नाहीत, फक्त फोटो काढायचे. गाडी ठरलेल्या रस्त्याने आपोआप पुढे जाते, एका फेरीत ६० फोटो मिळतात आणि शेवटी प्रोफेसर ओक गुण देतात. प्राणी किती मोठा दिसतो, पोझ कशी आहे आणि तो फ्रेमच्या मधोमध आहे का, हे तीन मुख्य निकष. मधोमध असेल तर गुण थेट दुप्पट!

आता गंमत बघा. चांगली पोझ मिळावी म्हणून गेम तुमच्या हातात सफरचंदं देतो आणि नंतर प्राण्याला सतावणारे ‘पेस्टर बॉल’ही देतो. एका ठिकाणी चारमेलियनला लाव्हात पाडलं की त्यातून चारिझार्ड बाहेर येतो आणि मग त्याचा फोटो मिळतो. म्हणजे आमिष दाखवणं आणि डिवचणं, खऱ्या जंगलात ज्या दोन गोष्टी अजिबात करायच्या नाहीत, त्याच इथे जिंकायच्या युक्त्या आहेत.

२०२१ च्या ‘न्यू पोकेमॉन स्नॅप’मध्ये पेस्टर बॉल गेले, मऊ फळं आली. शिवाय फोटोला एक ते चार तारे मिळतात. हे तारे फोटो किती सुंदर आहे यावर नाही, तर प्राणी त्या वेळी काय करत होता यावर ठरतात. एकाच पोकेमॉनचं वेगवेगळं वागणं टिपायचं असल्यामुळे थांबून निरीक्षण करावं लागतं. मात्र आकार आणि समोरचा चेहरा यांचे गुण अजून कायम आहेत.

फोटो कशासाठी?

बाकीच्या गेम्समध्ये कॅमेरा वेगवेगळ्या कामाला लावलाय. ‘बियाँड गुड अँड ईव्हिल’ (२००३) मध्ये जेड ही नायिका फोटो-पत्रकार आहे. नव्या प्रजातीचा फोटो दिला की पैसे मिळतात, त्यामुळे एकाच प्राण्याच्या मागे लागून काही फायदा नाही. ‘झेल्डा: ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) मध्ये फोटो काढला की प्राण्याची नोंद कोशात होते. पण पुढे सेन्सर अपग्रेड केला की त्याच फोटोच्या आधारे तो प्राणी शोधता येतो. बरेच खेळाडू ही सोय शिकारीसाठी वापरतात.

‘आल्बा: अ वाइल्डलाइफ ॲडव्हेंचर’ (२०२०) मात्र वेगळ्या वाटेने जातो. ‘मॉन्युमेंट व्हॅली’ बनवणाऱ्या असटू गेम्सचा हा गेम आयफोनवरही आला. भूमध्य समुद्रातल्या एका बेटावर आल्बा नावाची छोटी मुलगी आजी-आजोबांकडे आली आहे आणि तिथल्या अभयारण्याच्या जागी हॉटेल उभं राहणार आहे. तिच्या हातात फोन आहे. पक्षी ओळखता येईल इतका फोटो मिळाला की पुस्तकात नोंद होते. या नोंदींबरोबरच ती कचरा उचलते, मोडकी घरटी दुरुस्त करते आणि हॉटेलविरोधात लोकांच्या सह्या गोळा करते. फोटो भारी आलाय का, हे इथे कुणी विचारत नाही.

गेमला फोटो ‘दिसतो’ कसा?

खरं तर दिसत नाही! प्राणी गेमनेच उभा केलेला असतो. त्यामुळे तो कुठे आहे, त्याचं तोंड कुठे आहे, कॅमेऱ्यापासून किती लांब आहे, मध्ये झाड आहे का, हे सगळे आकडे गेमकडे आधीच असतात. शटर दाबलं की त्या आकड्यांवरून हिशोब होतो. चित्र ओळखायची गरजच पडत नाही.

प्राणी निवांत आहे, सावध झालाय की पळतोय, हेही गेमला माहीत असतं, कारण ती हालचाल त्यानेच ठरवलेली असते. मग ‘प्राण्याला तुमची चाहूल लागली नाही’ म्हणून जास्त गुण देणं आणि फार जवळ गेल्याबद्दल कापणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. जवळिकीला गुण द्यायचे की अंतराला, हा प्रश्न तंत्रज्ञानाचा नाही, डिझाइन करणाऱ्याच्या निवडीचा आहे.

आपल्या फोनवरचा स्कोअर

खऱ्या जगातही असे दोन स्कोअरबोर्ड आहेत. सोशल मीडियावर लाइक मोजले जातात आणि तिथे जवळून घेतलेला, थरारक फोटो पुढे जातो. प्राणी त्यामुळे बिथरला का, हे त्या आकड्यात दिसत नाही.

दुसरा म्हणजे ‘आयनॅचरलिस्ट’सारखं ॲप. इथे फोटो धूसर असला तरी चालतो, फक्त प्रजाती ओळखता आली पाहिजे. ॲप फोटो बघून नाव सुचवतं, मग इतर लोक तपासतात आणि पुरेशी सहमती झाली की ती नोंद संशोधनाच्या दर्जाची ठरते. फोटो नसेल तर नुसता आवाज रेकॉर्ड केला तरी नोंद होते. आणि धोक्यातल्या प्रजातींचं नेमकं ठिकाण ॲप इतरांपासून लपवतं, म्हणजे शिकाऱ्यांना किंवा हौशी गर्दीला थेट पत्ता मिळत नाही.

फोन तोच, कॅमेरा तोच. फरक फक्त मोजायचं काय, यात आहे. उमरेडच्या त्या रस्त्यावर कुणी ‘अंतर राखलं’ म्हणून गुण देणारं असतं, तर मागे सरकणारी गाडी जिंकली असती.

तेव्हा पुढच्या वेळी असा गेम खेळताना एकदा निकालाची स्क्रीन नीट वाचा. आकाराला किती, वागणुकीला किती, आणि प्राण्याला त्रास दिला त्याचे काही वजा झाले का? आणि खऱ्या प्राण्याचा फोटो काढण्याआधी कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन लोकेशन बंद करा. ती काळजी ॲप घेईलच असं नाही.