नोटीस न्यू जर्सीत पोचली, वाडीत नाही

आमच्या गावच्या ग्रामसभेची नोटीस मला इथे न्यू जर्सीत व्हॉट्सअ‍ॅपवर मिळाली. काकूला फोन केला तर तिला पत्ताच नाही! तिचा फोन साधा, आणि कागद डकवलाय ग्रामपंचायतीच्या कुलूपबंद ऑफिसात.

नियमाने 7 दिवस आधी सूचना हवी. कोरम 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल ते. तेवढे जमले नाहीत तर सभा तहकूब, आणि तहकूब सभेला कोरम लागतच नाही. म्हणजे ज्यांना कळलं, त्यांनीच नळयोजनेचं ठरवायचं!

माझं मत: ग्रूप असू दे, पण दवंडीही पिटा, गिरणीवर अन् एसटी थांब्यावर कागद लावा. पाणी काकूला भरायचंय, मला नाही.

तुमच्या गावी काय पद्धत आहे?