भिंतीला तडा नाही, प्रयोगाचे काय?

पणजीतील स्मार्ट सिटीच्या कामांमुळे उडणाऱ्या धुळीचा प्रश्न 2024 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला. बांधकाम कितीही आवश्यक असले, तरी शेजाऱ्यांनी त्याचा त्रास निमूटपणे सोसावा असे गृहीत धरता येत नाही, हे त्या प्रकरणाने राज्याला दाखवून दिले. नागरिकांना होणारा त्रास निदान डोळ्यांना दिसतो. बांधकामाच्या शेजारी चालू स्थितीतील संशोधन संस्था असेल, तर मात्र नुकसान सहसा दिसतच नाही. इमारत जागच्या जागी उभी असते. बिघडलेली असते ती आतली नोंद, वाया गेलेला असतो तो नमुना.

गोव्याला हा विषय दूरचा नाही. दोनापावला येथे राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, वास्कोजवळ हेडलँड सड्यावर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, जुने गोवे येथे कृषी संशोधन संस्था आहे. राज्यात जमीन तुटपुंजी आणि तिच्याविषयीचे वाद जुने. त्यामुळे अशा संस्थांचा विस्तार बहुधा जुन्या आवारातच करावा लागतो. नवी इमारत पूर्ण होईपर्यंत जुनी रिकामी करण्याची सोय नसते. एका भिंतीच्या अलीकडे प्रयोग आणि पलीकडे खोदकाम, अशीच ती दोन-तीन वर्षे काढावी लागतात.

यातील पहिली अडचण कंपनांची. कंपनांच्या मर्यादा ठरवताना आपल्याकडे इमारतीला तडा जाईल की नाही, एवढेच प्रामुख्याने पाहिले जाते. खाणींमुळे गोव्याला परिचित असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाने 1997 मध्ये सुरुंगांसंबंधी परिपत्रक काढले. त्यातील सर्वांत कडक मर्यादा ऐतिहासिक व नाजूक वास्तूंसाठी आहे आणि कमी वारंवारतेच्या कंपनांसाठी ती सेकंदाला 2 मिलिमीटर इतकी आहे. याउलट, अतिसूक्ष्म प्रतिमा टिपणाऱ्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासारख्या उपकरणांसाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या निकषांपैकी एक कडक मर्यादा सेकंदाला सुमारे 3 मायक्रोमीटरची आहे. दोन्ही ठिकाणी मोजण्याची पद्धत वेगळी असली, तरी अंतर ढोबळमानाने सहाशे पटींचे पडते. जे कंपन माणसाच्या पायाला जाणवतही नाही, ते अशा उपकरणाचे चित्र पुसट करू शकते. म्हणजे कंत्राटदार सर्व नियम पाळूनही शेजारची प्रयोगशाळा निकामी करू शकतो आणि कागदोपत्री कोणाचीच चूक ठरत नाही.

दुसरी अडचण हवा आणि विजेची. जनरेटर किंवा मालवाहू ट्रक वायुवीजनाच्या तोंडाशी उभा राहिला, की त्याचा धूर थेट आत ओढला जातो. बारीक धूळ गाळण्या तुंबवते. प्रयोगासाठी पाळलेले उंदीर आवाजाने व हादऱ्यांनी बिथरतात; त्यांच्या प्रजननावरही परिणाम होतो आणि अनेक महिन्यांच्या अभ्यासाचा पाया डळमळतो. खोदकामात केबल तुटली, तर शीतपेट्यांचे तापमान चढू लागते. हेडलँड सड्यावरील केंद्रात अंटार्क्टिकातून आणलेले हिमगाभे उणे 20 अंश सेल्सिअस तापमानाला जपले जातात. असा साठा हातचा गेला तर काय होते, हे कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाने 2017 मध्ये अनुभवले. तेथे शीतकक्षाची यंत्रणा बिघडून हिमगाभ्यांच्या साठ्यापैकी सुमारे आठवा हिस्सा वितळला. कारण बांधकामाचे नव्हते. पण हजारो वर्षांची नोंद एकदा पाणी झाली, की कोणत्याही भरपाईने परत येत नाही, हे तेव्हा जगाने पाहिले.

कायद्याचा आधार येथे तोकडा पडतो. ध्वनिप्रदूषणविषयक 2000 च्या नियमांत रुग्णालये, शैक्षणिक संस्था आणि न्यायालये यांच्या सभोवती किमान 100 मीटरचे शांतता क्षेत्र घोषित करण्याची तरतूद आहे. संशोधन संस्थांचा त्यात वेगळा उल्लेख नाही. शिवाय आवाजाची मर्यादा पाळल्याने जमिनीतून येणारे कंपन थांबत नाही. तेव्हा संरक्षण शोधायचे ते निविदेत आणि करारात.

असे संरक्षण शक्य आहे याचा दाखला अलिबागमध्ये आहे. मुंबईत विजेवर चालणाऱ्या ट्राम येणार, हे स्पष्ट झाल्यावर कुलाबा वेधशाळेतील चुंबकीय नोंदींना धोका निर्माण झाला. वेधशाळेचे तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी ट्राम सुरू होण्याची वाट पाहिली नाही. अलिबाग येथे लोखंडाचा अंश टाळून, पोरबंदरी दगडाची नवी वेधशाळा उभारण्यात आली. 1904 ते 1906 अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या, जेणेकरून जुनी मालिका नव्या मालिकेशी जोडता यावी. 1907 मध्ये विजेची ट्राम धावू लागली, तेव्हा विज्ञानाचे काही बिघडायचे उरले नव्हते. कुलाब्यात 1859 च्या महाभयंकर सौर वादळाची झालेली नोंद एकविसाव्या शतकातही अभ्यासकांच्या कामी आली. अखंड मालिकेचे मोल त्यावरून कळावे.

अलीकडची दोन उदाहरणे रेल्वेची आहेत. अमेरिकेतील सिअॅटल शहरात वॉशिंग्टन विद्यापीठाच्या आवाराखालून बोगदा न्यायचा होता. विद्यापीठ आणि रेल्वे प्राधिकरण यांनी 2007 मध्येच करार करून कंपन व चुंबकीय क्षेत्र यांच्या मर्यादा लेखी ठरवल्या. त्यानंतर रेल्वे त्या आवारात पोहोचली. पुणे-नाशिक रेल्वेबाबत उलटे घडले. सुमारे 235 किलोमीटरचा मार्ग आखून झाल्यावर नारायणगावजवळील खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीच्या कामात व्यत्यय येण्याचा मुद्दा निर्णायक ठरला आणि मार्ग बदलण्याची भाषा सुरू झाली. जुन्या मार्गावर आशा लावून बसलेल्या गावांत त्यामुळे नाराजी पसरली. दुर्बिणीचा आक्षेप रास्त होता आणि गावकऱ्यांची अपेक्षाही. दोष उशिराचा होता.

दुसरी बाजूही विचारात घेतली पाहिजे. प्रत्येक प्रयोगासाठी काम थांबवले, तर खर्च वाढतो, मजुरांचा रोज बुडतो आणि नवी प्रयोगशाळा लांबणीवर पडते. तिचीही कोणीतरी वाट पाहत असते. म्हणून संशोधकांनाही आपले घर आधी नीट मांडावे लागेल. कोणते उपकरण किती नाजूक, कोणते हलवता येईल, कोणता प्रयोग कोणत्या महिन्यांत अपरिहार्य, याची यादी त्यांनी निविदा निघण्यापूर्वी दिली पाहिजे. काम सुरू झाल्यावर केलेली तक्रार कंत्राटदाराला अडवणूकच वाटते.

यादी हाती असेल, तर बाकीचे उपाय अवघड नाहीत. काम सुरू होण्याआधी काही आठवडे मूळ कंपनांची मोजणी करावी, म्हणजे पुढे कोणाचा हादरा कोणता यावर वाद होणार नाही. जांभा फोडण्यासाठी ब्रेकर न लावता शक्य तेथे कापणी यंत्र वापरावे. खांब ठोकून न बसवता भोक पाडून ओतावेत. दणदणाटाच्या कामांच्या वेळा आठवडाभर आधी कळवाव्यात. वीज तोडण्यापूर्वी पर्यायी पुरवठ्याची चाचणी व्हावी. पावसाळ्याआधी पाया उरकण्याची घाई गोव्यात दरवर्षी असते. तिचे वेळापत्रकही याच यादीशी जुळवावे लागेल. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मर्यादा ओलांडली गेल्यास काम तासाभरासाठी थांबवण्याचा अधिकार एका नेमलेल्या व्यक्तीकडे असावा आणि त्या थांबण्याचे पैसे कोण देणार, हे करारातच लिहिलेले असावे.

हा खर्च इमारतीच्या अंदाजपत्रकात दाखवला नाही, तरी तो टळत नाही. तो रद्द झालेल्या प्रयोगाच्या आणि विद्यार्थ्याच्या लांबलेल्या पीएचडीच्या रूपाने दुसऱ्याच्या खात्यावर पडतो. सार्वजनिक बांधकाम खाते आणि गोवा साधनसुविधा विकास महामंडळ यांनी संशोधन संस्थांच्या आवारातील कामांसाठी निविदेत असे एक कलम घातले, तर त्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागणार नाही.