कानांस दार नाहीं

डोळ्यांस पापणी आहे, जिभेपुढें ओठ आहेत. परंतु कानांस दार नाहीं. निद्रेंतही ते उघडेच असतात. म्हणून मोठ्या आवाजास अडविण्याचें काम मनुष्यास विवेकानें व स्वतःच्या हातांनीं करावें लागतें. हें काम सांप्रत विद्यार्थिवर्गांत अगदींच उपेक्षिलें जात आहे, असें आम्हांस वाटतें. यास्तव या अंकांत त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

ढोल-ताशांच्या पथकांत हौसेनें सामील होणाऱ्या मुलामुलींची संख्या मोठी आहे. पुण्यास गणेशोत्सवाच्या आधीं कित्येक आठवडे मुठेच्या कांठीं सायंकाळीं सराव चालतो. या हौसेचें आम्हांस कौतुकच आहे. पन्नास जणांचे हात एका तालांत पडणें, हें शिस्तीचें उत्तम शिक्षण होय. आमचा आक्षेप वाद्यावर नसून, तें उघड्या कानांनीं वाजविण्यावर आहे. मिरवणूक एका दिवसाची, सराव अनेक दिवसांचा. आणि कान दोहोंचाही हिशेब एकाच वहींत ठेवितो.

हा हिशेब कसा, तें पाहा. प्रत्येक अंतःकर्णांत, गोगलगाईच्या शंखासारख्या नलिकेंत, सुमारें १५ हजार सूक्ष्म केशपेशी असतात. ध्वनीचें कंपन त्याच मेंदूस कळवितात. त्या अति आवाजानें मरतात. पक्ष्यांच्या कानांत त्या पुनः उगवतात; मनुष्याच्या कानांत उगवत नाहींत. अमेरिकेंतील कामगार-आरोग्यसंस्थेनें ८५ डेसिबल आवाजास दिवसाचे ८ तास ही मर्यादा घातली आहे, आणि दर ३ डेसिबलच्या वाढीस ती वेळ निम्मी होते. म्हणजे ८८ ला ४ तास, ९४ ला १ तास, आणि १०० ला अवघीं १५ मिनिटें! पथकाच्या मध्यभागीं आवाज १०० च्याही वर जातो. मग दोन तासांच्या सरावांत किती दिवसांची मर्यादा संपली, हें गणित विद्यार्थ्यांनीं स्वतःच मांडावें. उत्तर आठांहून कमी येणार नाहीं.

सराव संपल्यावर कानांस दडे बसतात, बारीक शिट्टी वाजूं लागते. सकाळपर्यंत ती थांबते, म्हणून कोणी लक्ष देत नाहीं. परंतु ती कानाची नोटीस होय. अशा नोटिसा वारंवार परत केल्या, तर एके दिवशीं शिट्टी थांबतच नाहीं.

उपाय स्वस्त आहे. मात्र तो नीट निवडला पाहिजे. कापसाच्या बोळ्यांचा फारसा उपयोग होत नाहीं. मऊ फोमचे इअरप्लग थोडक्या रुपयांत मिळतात. ते बोटांनीं वळून बारीक करावे, दुसऱ्या हातानें कानाची पाळी वर व मागें ओढावी, आंत सारून फुगेपर्यंत धरून ठेवावे. बाहेरच टेकविलेला प्लग हा केवळ अलंकार होय. जो वाजवितो त्यास गाळणीचे इअरप्लग अधिक बरे; ते बारीक-मोठे सर्व स्वर सारखेच मंद करितात, त्यामुळें शेजारचा ताशा स्पष्ट ऐकूं येतो व ताल चुकत नाहीं. लहान बालकांस कानांवर बसणारीं कवचें घालावीं.

पाकिटावरील मोठ्या आंकड्यास मात्र भुलूं नये. तो प्रयोगशाळेंतील असतो. वापरांत त्याहून कमीच संरक्षण मिळतें. शिवाय ३० डेसिबल अडविणारा प्लग अर्धा वेळ खिशांत राहिला, तर सरासरीनें सुमारें ३ डेसिबलचेंच संरक्षण पदरीं पडतें. म्हणून जो प्लग आरंभापासून अखेरपर्यंत कानांत सुखानें राहील, तोच उत्तम, असें आमचें मत आहे.

कित्येकांस प्लग घालणें भ्याडपणाचें वाटतें. परंतु क्रिकेटपटु पॅड बांधतो म्हणून त्यास कोणी भित्रा म्हणत नाहीं. ज्यास ताल प्रिय आहे, त्यानेंच कान अधिक जपले पाहिजेत. तथापि आपल्या कानांत प्लग आहे म्हणून आवाज वाटेल तेवढा वाढविण्याची मोकळीक मिळत नाहीं. खिडकीआडच्या रुग्णाच्या व कडेवरच्या बालकाच्या कानांत तो नसतो.

आतां, ज्यांच्या कानांत नाद आधींच घर करून बसला आहे, त्यांचें काय? या व्याधीस कर्णनाद म्हणतात. सुश्रुतसंहितेंतही कर्णरोगांत तिची गणना आहे. ती समूळ घालविणारें औषध अद्यापि सिद्ध झालेलें नाहीं. म्हणून जाहिरातींस भुलूं नये. परंतु तिजसह सुखानें राहतां येतें. नीरव शांततेंत नाद वाढल्यासारखा वाटतो. म्हणून रात्रीं पंख्याचा किंवा रेडिओचा मंद आवाज असूं द्यावा. दिवसभर प्लग घालून बसूं नये. त्यानें नाद अधिकच जाणवतो. ऐकूं कमी येत असल्यास श्रवणयंत्रानें बहुधा दोन्ही त्रास हलके होतात. मनाची तळमळ कमी करण्याचे शास्त्रीय मानसोपचारही आहेत. मात्र नाद एकाच कानांत असेल, नाडीबरोबर ठोके देत असेल, तर कानाच्या डॉक्टरास अवश्य दाखवावें. आणि ऐकूं येणें एकाएकीं कमी झालें, तर एक दिवसही दवडूं नये.

बेथोव्हेन या जर्मन संगीतकारानें १८०१ सालीं एका डॉक्टर मित्रास कळविलें होतें कीं, आपले कान रात्रंदिवस गुणगुणत असतात. कारण कांहींही असो, तो पुढें जवळजवळ पूर्ण बहिरा झाला. तरी १८२४ सालीं त्याची नववी सिंफनी लोकांनीं ऐकली. कर्णनाद म्हणजे आयुष्याचा शेवट नव्हे.

पालकांस आमची एवढीच विनंती आहे कीं, मुलानें “कानांत शिट्टी वाजते” असें सांगितल्यास ती अभ्यास टाळण्याची सबब समजूं नये, आणि आजोबांनीं तेंच सांगितल्यास तो भ्रम म्हणून हंसूं नये. हा नाद दुसऱ्या कोणास ऐकूं येत नाहीं. म्हणूनच तो सोसणाऱ्यास आपल्या विश्वासाची अधिक गरज असते. आणि विद्यार्थिमित्रांनो, हा एक उपदेश तरी या कानानें ऐकून त्या कानानें सोडून देऊं नका. कारण तो त्या दोन कानांसाठींच आहे.