नानांचे जहाज आणि थिनरचा वास

वाचकहो, आपल्या खानदेशाला समुद्र नाही. तापी आपल्या प्रदेशातून वाहत जाते खरी, परंतु ती समुद्राला मिळते ती थेट सुरतेपलीकडे. तरीही जळगावातील एका घराच्या मागच्या खोलीत गेली चार वर्षे एक आगबोट बांधली जात आहे. आजचा लेख त्या आगबोटीविषयी, ती बांधणाऱ्या हातांविषयी आणि त्या हातांकडे पाहताना माझ्याकडून झालेल्या एका चुकीविषयी आहे. संबंधित कुटुंबाच्या संमतीने, नाव गाळून, ही हकीकत लिहीत आहे. आपण त्यांना नाना म्हणू.

नाना धुळ्याच्या एका शाळेतून चित्रकला शिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि मुलाकडे जळगावला राहावयास आले. वय ७४. त्यांच्या वडिलांनी डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनात गांधीजींना पाहिले होते. ती आठवण नाना लहानपणापासून ऐकत आले. जैन हिल्सवरील गांधी तीर्थ पाहून आल्यावर त्यांच्या मनाने घेतले की, ज्या आगबोटीतून गांधीजी दुसऱ्या गोलमेज परिषदेला गेले, ती आपण आपल्या हातांनी बांधायची. ‘राजपुताना’ हे तिचे नाव. १९२५ मध्ये बांधलेली, दोन धुराड्यांची ही पी अँड ओ कंपनीची प्रवासी बोट २९ ऑगस्ट १९३१ रोजी गांधीजींना घेऊन मुंबईहून निघाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात तिच्यावर तोफा चढवण्यात आल्या आणि एप्रिल १९४१ मध्ये एका जर्मन पाणबुडीने तिला बुडवले.

मूळ बोट ५४७ फूट लांब. नानांनी एकास दोनशे हे प्रमाण धरले, म्हणजे प्रतिकृती सुमारे ८३ सेंटिमीटरची झाली. हे प्रमाण ऐकायला सोपे वाटते. हाताला ते किती कठीण जाते पाहा. डेकवरचा मीटरभर उंचीचा कठडा येथे केवळ ५ मिलिमीटरचा होतो. फूटभर व्यासाची गोल खिडकी दीड मिलिमीटरची. साडेपाच फूट उंचीचा माणूस जेमतेम ८ मिलिमीटरचा. शिवणीच्या पातळ फळ्या एकावर एक चिकटवून नानांनी बोटीचे अंग तासले. जुन्या मोटारीच्या वाइंडिंगमधील तांब्याची तार तोडून ते कठड्याचे खांब करीत. रोज संध्याकाळी एका वहीत तारीख घालून ‘आज खांब ४०’ अशी नोंदही ठेवीत.

रक्तदाबाच्या तपासणीसाठी दोघे माझ्याकडे नियमित येत. एकदा काकू सहज म्हणाल्या, “डॉक्टर, घरभर थिनरचा वास भरून राहतो, आणि यांना म्हणे तो येतच नाही.” मी हसून म्हणालो, “छंदापुढे कसला वास!” पुढच्या खेपेस मुलाने सांगितले की, नाना झोपेत ओरडतात, हातपाय झाडतात. मी त्याला स्वप्ने म्हटले. तिसऱ्या खेपेस बद्धकोष्ठाची तक्रार निघाली, ती मी बैठ्या कामावर टाकली. नंतर काकूंच्या लक्षात आले की, टीव्ही पाहताना मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचा अंगठा थरथरतो. मी नानांच्या हाती माझे पेन दिले. थरथर थांबली. काम करताना हात स्थिर आहे, मग काळजी कसली, असे म्हणून मी त्यांना निरोप दिला.

ही माझी चूक होती. वय झाले की हात थरथरायचेच, या आपल्या सर्वांच्या समजुतीला मी डॉक्टर असूनही बळी पडलो. कंपवातातील, म्हणजे पार्किन्सनच्या आजारातील थरथर बहुधा हात स्वस्थ असताना दिसते आणि हात कामाला लागला की कमी होते. हे मी विद्यार्थिदशेत पाठ केले होते.

डोळे उघडले ते त्या वहीने. काम मनासारखे होत नाही म्हणून नानांनी ती मला दाखवायला आणली. पहिल्या पानांवरची अक्षरे हरभऱ्याएवढी टपोरी होती. शेवटच्या पानांवरची तिळाएवढी, आणि तीही ओळीच्या शेवटी आणखी बारीक होत गेलेली. चाळीस खांबांच्या जागी आता बारा. घरच्यांना वाटत होते, त्यांचे मन उडाले आहे. मन जागेवरच होते; हात मंदावले होते. मेंदूविकारतज्ज्ञांनी तपासून कंपवाताचे निदान पक्के केले. त्याला आता दीड वर्ष झाले.

या आजारात मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचालींतील बदल दिसू लागेपर्यंत त्यांतील बराच भाग गमावलेला असतो. वास कमी होणे, झोपेत हातपाय झाडणे आणि बद्धकोष्ठ ही लक्षणे कित्येकदा त्याच्या काही वर्षे आधीच डोकावतात. मात्र यांतील एखादे लक्षण दिसले म्हणून घाबरून जाऊ नये. वास सर्दीने, सायनसच्या विकाराने किंवा कोविडनंतरही जातो. थायरॉइडमुळे आणि दम्याच्या काही औषधांनीही हात थरथरतो. चक्करेसाठी महिनोन्‌महिने घेतल्या जाणाऱ्या सिनारिझिन किंवा फ्लुनारिझिनसारख्या गोळ्यांनी तर हुबेहूब कंपवातासारखी अवस्था होऊ शकते. म्हणून डॉक्टरांकडे जाताना चालू असलेली सर्व औषधे पिशवीत घालून सोबत न्यावीत.

निदानानंतर मुलाने मला विनवले, “डॉक्टर, आता हा पसारा बंद करायला तुम्हीच सांगा.” त्याच आठवड्यात ब्लेडने नानांचे बोट कापले होते, तेव्हा त्याचे म्हणणे मला पटले आणि मी तसा सल्लाही दिला. नानांनी वही मिटली. पुढचे तीन आठवडे ते खिडकीपाशी बसून होते. जेवण कमी झाले, बोलणे त्याहून कमी. तज्ज्ञांकडे पुन्हा गेलो असता त्यांनी मलाच विचारले, “काम थांबवून आपण त्यांना काय दिले?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. छंदाने कंपवात बरा होत नाही, हे खरे. परंतु हात, डोळे आणि मन एकाच वेळी वापरण्याचे कारण रोज सकाळी समोर असणे ही वृद्धापकाळी लहान गोष्ट नव्हे. आम्ही काम पुन्हा सुरू केले, फक्त त्याची पद्धत बदलली.

पहिला बदल वेळेचा. लेव्होडोपाच्या गोळीचा परिणाम सुरू झाला की हात मोकळे होतात; बारीक काम तेव्हाच करायचे. ही गोळी साधारणतः जेवणापूर्वी अर्धा तास किंवा जेवणानंतर तासाभराने घेतात, कारण दूध, वरण, अंडी यांतील प्रथिने तिच्या शोषणात अडथळा आणतात. वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे आणि औषध अचानक कधीही बंद करू नये.

दुसरा बदल साधनांचा. लाकडाच्या पट्टीला समान अंतरावर भोके पाडून तिचा साचा केला. आता प्रत्येक खांबाचे अंतर हाताने मोजावे लागत नाही. तुकडा हाती धरण्याऐवजी लहान शिकंज्यात पकडायचा. ब्लेडचे काम नातवाकडे, सूचना आजोबांच्या.

तिसरा बदल खोलीचा. थिनरचे रंग गेले, पाण्यात मिसळणारे ॲक्रिलिक रंग आले. लाकूड घासताना मास्क लावायचा. साठीनंतर डोळ्याच्या पडद्यापर्यंत तरुणपणाच्या मानाने बराच कमी प्रकाश पोहोचतो, म्हणून टेबलावर स्वतंत्र दिवा आला. दर अर्ध्या तासाने उठायचे, पण एकदम नाही. आधी खुर्चीच्या कडेशी यायचे, क्षणभर थांबायचे, मग उभे राहायचे. या आजारात उभे राहताना रक्तदाब उतरून तोल जाऊ शकतो. आपल्याकडील मे महिन्याच्या उन्हात तर टेबलाशी पाण्याचा तांब्या हवाच. झटपट चिकटणाऱ्या गोंदाने बोटे चिकटली तर ओढू नयेत. साबणाच्या कोमट पाण्यात भिजवून हळूहळू सोडवावीत. गोंद डोळ्यात गेल्यास पापण्या बळाने उघडू नयेत. पाण्याने धुऊन तत्काळ नेत्रतज्ज्ञ गाठावा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लहान जखमही दहा मिनिटे न सोडता दाबून धरावी. ज्यांना वास येत नाही त्यांच्या स्वयंपाकघरात गॅसगळतीची सूचना देणारे यंत्र बसवावे.

एक इशारा मुद्दाम देतो. कंपवाताच्या काही औषधांमुळे क्वचित मनावरचा लगाम सैल होतो. मग माणूस रात्र रात्र तेच ते करीत राहतो. वस्तू जोडतो, उकलतो, पुन्हा जोडतो. जेवणाची, झोपेची शुद्ध राहत नाही. कोणी अनावर खरेदी करतो, कोणी जुगाराकडे वळतो. याला हट्ट समजून भांडू नका, डॉक्टरांना सांगा. औषधाची मात्रा बदलून हे आटोक्यात येऊ शकते.

आणि काकूंचे काय? काळजी घेणाऱ्याचे हाल कोणी विचारीत नाही. आम्ही पसाऱ्याची सीमा आखली: एकच टेबल, त्यावर झाकण, घरात इतरत्र एक तारही दिसायची नाही. नानांच्या कामाच्या दोन तासांत नातू घरी असतो आणि काकू भजनी मंडळात जातात. “या बोटीने मला माझे दोन तास दिले,” असे त्या परवा म्हणाल्या.

मागच्या आठवड्यात मी बोट पाहून आलो. डाव्या बाजूचा कठडा सरळ आहे, उजव्या बाजूचा किंचित वाकडातिकडा. तो काढून पुन्हा करणार का, असे मी विचारले. नाना म्हणाले, “नाही. डावी बाजू आजाराआधीची, उजवी नंतरची. दोन्ही माझ्याच.” डेकवर पांढऱ्या वस्त्रातील ८ मिलिमीटरची एक आकृती बसवायची अजून राहिली आहे. ती ते स्वतःच करणार आहेत, सकाळच्या गोळीनंतर.

वाचकहो, आपल्या घरातील वडीलधारी माणसे जहाज बांधत नसतील. वाती वळत असतील, शेवया करीत असतील, हिशेबाची वही लिहीत असतील. आज संध्याकाळी पाच मिनिटे त्यांच्या हातांकडे पाहा. काम मंदावले असेल, अक्षर बारीक झाले असेल, फोडणीचा वास त्यांना येत नसेल, तर वयाला दोष देऊन गप्प बसू नका, डॉक्टरांना दाखवा. डॉक्टरांनी हसून उडवले, तर पुन्हा सांगा. काकूंनी मला चार वेळा सांगितले होते.